गटाराची देवी

आधी कबूल करा, फार हसणार नाही. मग सांगते. गेल्या आषाढात मी सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीतल्या एका गटाराला चक्क देव करून ठेवलं. हो, गटाराला! आणि तेही गटार स्वच्छ राहावं म्हणून!

मी मुळात अबोल. वर्गात हजेरी देतानाही माझा 'हजर' बाईंपर्यंत पोचत नाही. शेजारची मुलगी तो पुढे पोचवते. असल्या माणसाने गल्ली सुधारायला निघूच नये. पण गोष्ट कौसल्यामावशींची होती.

मावशी मूळच्या जालन्याच्या. आमच्या समोर तळमजल्यावर राहतात आणि व्यापाऱ्याकडून साड्या आणून घरी टिकल्या लावतात. पावसाच्या पाण्याची लोखंडी जाळी नेमकी त्यांच्या दारासमोर. त्याआधीच्या पावसाळ्यात ती जाळी तुंबली आणि काळं, तेलकट पाणी मावशींच्या खोलीत शिरलं. साड्यांचा अख्खा गठ्ठा डागाळला. व्यापारी म्हणाला, "फिरसे ऐसा हुआ, तो काम बंद." मावशींच्या घरात दुसरी कमाई नाही.

जाळी तुंबणार नाही तर काय? चहाचा चोथा जाळीत, भाज्यांची सालं जाळीत, धाग्यांची गुंतवळ जाळीत. वरच्या मजल्यावरचे हसमुखभाई तर स्कूटरचं काळं ऑइल बदलून सरळ तिथेच ओतायचे. प्लेगची साथ येऊन गेल्यापासून सुरतेत रोज झाडू फिरतो, रस्ते लख्ख दिसतात. पण जाळीच्या आत कोण बघतंय?

त्यात शाळेत बाईंनी सांगितलं की न्हाणीघराचं पाणी वेगळ्या नळातून जातं, पण पावसाच्या जाळीतलं पाणी थेट खाडीत आणि खाडीतून तापीत. मध्ये ते कोणीही साफ करत नाही. म्हणजे हसमुखभाईंचं ऑइलसुद्धा तापीत! मला राहवेना. गेले त्यांच्या दारात.

"शुं जोईए, बेटा?"

"ते... म्हणजे... तुमचं ते..."

"बोल, बोल!"

"किती वाजले?"

त्यांनी वेळ सांगितली. मी थँक्यू म्हणून खाली आले.

मग जिन्यात लक्ष गेलं कोपऱ्यातल्या देवांची चित्रं असलेल्या फरशांकडे. लोकांनी पानाच्या पिचकाऱ्या मारू नयेत म्हणून लावलेल्या. खरंच तिथे कोणी थुंकत नाही! म्हटलं, झालं! बोलायला नको, काही नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे काठीने जाळी साफ केली, भोवती रांगोळीचं कमळ काढलं, लक्ष्मीची पावलं काढली आणि हळद-कुंकू वाहिलं. लक्ष्मीच्या पावलांवर कोण चोथा टाकेल?

नंतर पडद्याआडून बघत बसले. हसमुखभाई ऑइलचा डबा घेऊन आले. थबकले. चपला काढल्या, हात जोडले आणि डबा घेऊन परत गेले! मी पडद्यामागे अक्षरशः नाचले.

पण दुपारी जाळीवर एक जास्वंद दिसलं. संध्याकाळी उदबत्ती. हसमुखभाईंच्या आई, म्हणजे बा, खाली उतरल्या आणि स्वतःचेच गाल थोपटत म्हणाल्या, "माताजी पधार्या!" झालं, बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. हार आले, नारळ फुटले, शेंड्या जाळीत गेल्या. हसमुखभाई आता तिळाचं तेल ओतू लागले. तशी सुधारणाच म्हणायची! कोणीतरी जाळीवर लाल चुनरीही पांघरली.

घरी आई म्हणाली, "वंदे, एवढं वाटीभर दूध देवीला घालून ये. गणित सुटेल."

"आई, पण ती..."

"पण काय?"

"काही नाही."

गेले आणि ओतलं. माझ्याच हाताने, तापीत दूध! आता तुम्हीच सांगा, ही रांगोळी मी काढली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? रोज ठरवायची, आज बोलायचं. रोज एक हार वाढायचा.

मंगळवारी संध्याकाळी जाळीपुढे आरती सुरू झाली आणि आभाळ फाटलं. लोक छत्र्या उघडून टाळ्या वाजवतच राहिले. पाणी जाळीपर्यंत यायचं, चुनरीला धडकायचं आणि मावशींच्या दाराकडे वळायचं. उंबऱ्याला पाणी लागलं. मावशी साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दारात उभ्या होत्या. नुसत्या पाण्याकडे बघत होत्या.

ते मला बघवेना. मी धावत खाली उतरले, पाण्यातून मावशींच्या शेजारी गेले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "इथे देवी नाहीये! ती रांगोळी मी काढली! जाळी मोकळी करा!"

थंडीने आणि भीतीने मी लटलट कापत होते. केस सुटलेले, कपाळावर ओघळलेलं कुंकू. तेवढ्यात मावशींनी गठ्ठा कोनाड्यात ढकलला आणि किंचाळल्या, "आई आली! पोरीच्या अंगात आई आली!"

आरती थांबली. बा माझ्या पायांशी! "मा, अमारी शुं भूल थई?"

मी एकदम देवी! आणि देवीची भाषा मला थोडीच येते? सुचेल ते बोलत सुटले. चुनरी काढा, नारळ काढा, तेल ओतू नका, चोथा टाकू नका, हे सगळं तापीत जातं. लोक तुटून पडले. हसमुखभाई पाण्यात पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात घालून शेंड्या, हार, गुंतवळ उपसू लागले. एकदम घळघळ आवाज झाला. उंबऱ्यावर चढू पाहणारं पाणी हळूहळू मागे सरलं.

साड्या कोरड्या राहिल्या. तेव्हापासून जाळीत कोणी काडीही टाकत नाही. ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे जातं, चोथा कुंडीत, निर्माल्य टोपलीत.

खरं सांगू? मनातून मी फुलून गेले होते. निदान एकदा तरी माझा आवाज गल्लीभर घुमला! पण देवीचं खोटं सलत होतं. शेवटी मावशींकडे गेले. त्या साडीला टिकल्या लावत बसल्या होत्या.

"मावशी, त्या दिवशी माझ्या अंगात कोणी आलं नव्हतं."

"ठावं हाय मला. देवी कधी 'प्लीज, प्लीज' म्हणती व्हय गं?"

"मी प्लीज म्हणाले?"

"दर शब्दाला!"

"मग तुम्ही 'आई आली' असं का ओरडलात? मी एवढी ओरडून खरं सांगत होते ना!"

मावशींनी सुई थांबवली आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

"ओरडत व्हतीस? अगं लेकी, मी शेजारी उभी, तरी मला धड ऐकू येईना. म्हनलं, आधी समद्यांना गप तर करावं!"