बोर्डावरचे उकंडराव

आसेगावात पेरणीआधी लोक उकंडरावांच्या ओसरीवर येत. उकंडराव ओल्या गोणपाटात मूठभर सोयाबीन गुंडाळून ठेवत. कोंब चांगले फुटले तरच ते बियाणं गावाला देत. सुगी झाली की जो तो घेतलं तेवढं परत आणून टाकी. सारा व्यवहार शब्दावर.

मागच्या खरिपात त्यांनी हेच घरचं बियाणं मातीचे उंच गादीवाफे करून, एकेक दाणा हाताने, विरळ टोकलं. उकंडराव सोयाबीन पेरून राह्यले का फुलझाडं लावून राह्यले, अशी पारावर चेष्टा चालली. पण झाडं शेंगांनी अशी लगडली, की चेष्टा करणारेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभे राहू लागले.

त्यातच भाचा जगदेव आला. तो मंगरुळपीरला एका बियाणे कंपनीचा एजंट. मामा, एक फोटो काढतो, घरच्या ग्रुपवर टाकतो म्हणाला. वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो, तिथं फोटोला नाही कोण म्हणणार? बेबीताईंनी नवऱ्याला लग्नाकार्यातला शर्ट काढून दिला. उकंडराव झाडं कवेत घेऊन हसले.

पीक शेजाऱ्यांच्या दीडपट निघालं. उन्हाळ्यात बसथांब्यावर भला मोठा बोर्ड लागला. त्यावर तेच हसू, तोच शर्ट आणि खाली कंपनीची बॅग: ‘माझ्या दीडपट उत्पन्नाचं गुपित’.

दरवर्षी त्यांच्याकडून बियाणं नेणारे भगवंतराव पारावर सर्वांसमोर म्हणाले, “आमाले घरचं बियानं देल्लं, अन् सोता गुपचूप बॅगचं पेरलं. बरे निंगाले तुमी.”

उकंडरावांनी वाफे सांगितले, टोकण सांगितली, शपथ घेतली. पण फोटो स्वतःचा, भाचाही स्वतःचा, ऐकणार कोण? यंदा गोणपाट ओलं केलं, कोंबही तरारून आले. बघायला ओसरीवर कुत्रंही फिरकलं नाही. गाव रांग लावून बॅगा घेऊन आलं.

शेवटी बियाण्याची पोती बाजारात धान्य म्हणून विकायला त्यांनी ऑटोत भरली. तेवढ्यात जगदेवची मोटारसायकल दारात थांबली.

“मामा, एक पोतं उतरवा ना. आपल्या वावरात पेराले पायजे.”

“बॅगा हायेत ना तुह्यापाशी?”

“त्या इकाले हायेत, मामा. उगवनीचा भरोसा नाई.”

उकंडराव ऑटोजवळून पुढे आले. मग रीतीप्रमाणे वाकून भाच्याच्या पाया पडले.

“बियानं तो बोर्डावरचा उकंडराव देते,” ते म्हणाले. “त्याले माग.”

आणि ऑटोवाल्याला त्यांनी निघायची खूण केली.