कुणालीनं न बघितलेला व्हिडिओ

निम्मी वाट झाली असेल तेव्हा कुणाली शेताच्या बांधावर बसली आणि म्हणाली, "काकी, काटा काढा गो. माझ्यानं नाय निघत."

डाव्या टाचेत बाभळीचा काटा होता. तो काढायला दोन्ही हातांची बोटं लागतात आणि तिच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. अंगठा तेवढा चालतो, बाकीची सरळच राहिली आहेत. मी तिची टाच मांडीवर घेतली नि साडीच्या पिनेनं काटा काढला. रक्त आलं. ती म्हणाली, "नवस तुमचा आणि पाय माझा फुटतोय."

नवस माझाच होता. गेल्या वर्षी ती दवाखान्यात बेशुद्ध पडली होती तेव्हा मी म्हसा गावच्या देवाला बोलले होते, की पोर उठली तर धसईहून अनवाणी चालत जत्रेला येईन. पोर उठली. मी एकटीच निघणार होते, तर म्हणाली, "माझ्या जिवाचा नवस नि मी घरात बसू काय?" वाटेत सारखी मला चिडवत होती. "देवाला चाललाय का परीक्षेला, काकी? तोंड बघा केवढं केलंय."

कुणाली आमच्या शेजारची. धाकलूची एकुलती एक पोर. धाकलू भात पिकवायचा आणि धसईच्या बाजारात काकड्या, कारली विकायचा. तो गेला त्याच वर्षी तिचं लग्न आसनगावला झालं. नवरा मारायचा. बांगड्या फुटेस्तोवर मारायचा, मग स्वतःच नव्या आणून द्यायचा. लग्नाआधी तिनं मुरबाडच्या एका स्टुडिओत काम शिकून जुना कॅमेरा घेतला होता. एके दिवशी नवऱ्यानं तो ओट्यावर आपटला आणि त्याच कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या बकलानं तिच्या तोंडावर मारलं. समोरचे दोन दात गेले. रक्तानं भिजलेला पदर तोंडाला लावून ती माहेरी आली. पुढे कोणी विचारलं की सांगायची, "कॅमेरा फोडला म्हणून आले. दातासाठी आले नसते."

मग तिनं धसईच्या बाजारात गाळा घेतला आणि आईच्या नावानं 'अंबू फोटो' सुरू केलं. लग्नं, बारशी, वाढदिवस, पण खरं काम हळदीचं. आमच्याकडच्या हळदीत बाईनं कॅमेरा घेऊन उभं राहणं सोपं नाही. दारू, डीजे, नाचता नाचता धक्का लागला की बाटली फुटते. कपाळावरची खूण तिला तशीच मिळाली. काच लागली, टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून तिनं लग्न शूट केलं. त्यानंतर तिनं लाइट धरायला स्वरूपला घेतलं. शहापूरकडचा, उंचापुरा, तिच्याहून थोडाच लहान, कमी बोलणारा. लाइटचा लोखंडी स्टँड घेऊन तो तिच्या आणि पिणाऱ्यांच्या मधे उभा राहायचा. ती त्याला भाऊबीजेला ओवाळायची.

वेबसाइटचं डोक्यात आलं ते पेनड्राइव्हमुळे. लोक पेनड्राइव्ह न्यायचे, टीव्हीत लागायचा नाही, मग फोन. "कुणालीताई, आमच्या पोरीचं लग्न काळं दिसतंय." कल्याण-मुंबईला नोकरी करणाऱ्या पोरांना लग्न फोनवर बघायचं असे. मग ती साइट शोधायला बसली. कुठली घ्यायची ते ठरवायची तिची पद्धत एकच होती. अल्बम चढवायचा आणि अंबूबाईच्या तडा गेलेल्या फोनवर, मागच्या पडवीत जिथे कशीबशी रेंज येते तिथे उघडून बघायचा. आईला उघडता आला तर तालुक्याला उघडता येईल.

पहिली साइट फुकट होती. हळदीचा व्हिडिओ लागला आणि मधेच जाहिरात आली. अंबूबाई म्हणाली, "नवरीच्या मधी हा चड्डीवाला कोण गो?" दुसरीवर फोटो सुरेख दिसत, पण व्हिडिओ लावला की नुसतं चाक फिरत राही. तिसरी आवडली. फोटो टाकले की ती आपली आपण स्लाइडशो करी, गाणं लावी, आणि फोटोतला चेहरा ओळखून हळूहळू जवळ नेई. अंबूबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. शिवाय प्रत्येक अल्बमला कुलूप होतं. पासवर्ड घातल्याशिवाय उघडायचा नाही.

पासवर्डनं घोळ झाला. आकडे आणि इंग्रजी अक्षरं म्हाताऱ्यांना ध्यानात राहीनात. मग कुणालीनं युक्ती काढली. ज्या घराचं लग्न, त्या घराचं कुलदैवत हा पासवर्ड. देवाचं नाव कोण विसरेल? सगळ्यांनी नावाजलं. मलाही ते बरं वाटलं, फोन उघडताना का होईना, देवाचं नाव लिहिलं जातं. पण आमच्या अर्ध्या तालुक्याचं कुलदैवत एकवीरा. अर्ध्या तालुक्याच्या हातात एकच किल्ली होती.

शहापूरच्या बाजूला एका गावात हळद होती. तिचा स्लाइडशो साइटवर गेला. एका फोटोत नवरी हसतेय आणि मागे पाण्याच्या पिंपाजवळ तिची मैत्रीण भूमिका उभी आहे. स्वरूप तिच्या गालावरची हळद रुमालानं पुसतोय. छापील अल्बममध्ये ती दोघं तांदळाएवढी दिसली असती. साइटनं चेहरे ओळखले आणि जवळ, जवळ नेत त्या दोघांनाच पडदाभर दाखवलं. वर गाणं.

स्वरूप भूमिकाच्या जातीचा नव्हता. भूमिकाचा भाऊ ऋतिक याला कोणीतरी सांगितलं. अल्बम दुसऱ्याच्या घरचा, पण देवाचं नाव त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

आधी भूमिकाला मारलं. शेजारणीनं नंतर सांगितलं की केस धरून तिला अंगणभर ओढली, आणि ज्या गालावर रुमाल फिरला होता तो गाल चुलीतल्या लाकडानं भाजला. मग केस कापले. तिला मामाकडे नेऊन ठेवली, अजून तिथेच आहे म्हणतात.

स्वरूप पळून कुणालीकडे आला. तिनं अल्बम काढून टाकला आणि त्याला डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर त्याच्या आत्याकडे धाडला. अंबूबाईनं त्याला भाकऱ्या बांधून दिल्या. कुठे गेला ते या दोघी मायलेकींनाच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी, बाजार भरलेला असताना, ऋतिक आणि त्याचे तिघे दोस्त 'अंबू फोटो'त शिरले आणि आतून शटर ओढलं. तिच्याच मोठ्या टीव्हीवर त्यांनी हळदीचं गाणं लावलं, आवाज शेवटपर्यंत. समोरच्या किराणा दुकानातल्या कोंडूशेठला वाटलं की गिऱ्हाइकाला अल्बम दाखवतेय. आत त्यांनी एकच विचारलं, स्वरूप कुठाय. तिनं सांगितलं नाही. कॅमेरे फोडले. परत विचारलं. मग तिचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि स्वरूपच्याच लाइटच्या स्टँडनं बोटं मोडायला लागले. एक मोडायचं, विचारायचं. दुसरं मोडायचं, विचारायचं. तिसऱ्या बोटापर्यंतचं तिला आठवतं. त्यानंतर डोक्यात स्टँड बसला आणि पुढचं काही आठवत नाही.

त्याच वेळी अंबूबाई लेकीचा डबा घेऊन आली होती. शटर वर गेलं तेव्हा ती पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डब्यातली आमटी आणि रक्त फरशीवर एक झालं होतं. पोलिसांना तिनं सांगितलं, "मी आले तवा ते निघून गेलते." कोंडूशेठ म्हणतो की आतून शटर हातभर वर झालं आणि म्हातारी खालून आत गेली, ती ते बाहेर पडायच्या बऱ्याच आधी.

संध्याकाळी ते चौघे पाड्यावर पोचले. स्वरूप आत्याच्या खळ्यावर भात झोडत होता. त्याला भाताच्या पेंढ्यावरच पाडला. पहारीनं गुडघे फोडले, मग बरगड्या. आत्या मधे पडली, तिचं मनगट मोडलं. गाडीत घालून खाली आणेपर्यंत तो गेला. आत्यानं त्या खळ्यावरचं भात घरात घेतलं नाही.

पाड्याचं नाव कोणी सांगितलं? गाव म्हणतं कुणालीनं. वाईट बोलत नाहीत, उलट दया दाखवतात. "एवढा मार खाऊन कोण नाय सांगणार, बाय?" हे ऐकलं की तिचा चेहरा पांढरा पडतो. स्वरूपच्या आत्यानं दवाखान्यात तिचं तोंड बघायला नकार दिला. आणि अंबूबाई तेव्हापासून लेकीशी कामापुरतंच बोलते. जेवण वाढते, वेणी घालते, पाठ चोळते. त्या दिवसाचं नाव काढलं की उठून गोठ्यात जाते.

काटा काढून आम्ही परत चालू लागलो, तर मागून मोटारसायकली आल्या. जत्रेला निघालेली पोरं. एक पुढे जाऊन थांबली. ऋतिक होता. जामिनावर सुटून त्याला महिना झाला होता. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि पदराखाली पिन घट्ट धरली होती, जशी काय त्या पिनेनं मी त्याला अडवणार होते.

"काय कुणालीताय," तो म्हणाला. "फोटो काढणार काय जत्रेचा? कर ना हात वर."

दोस्त हसले. कुणालीनं हात वर केला. ती ताठ, उघडी बोटं त्याच्या तोंडासमोर धरली आणि तशीच धरून ठेवली. पाठीमागच्या पोराचं हसू थांबलं.

ऋतिकनं गाडीला किक मारली. "आयला नमस्कार सांग," तो म्हणाला. "लय मायाळू बाई."

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभ्या होतो. कुणाली ओकली, रस्त्याच्या कडेला, रिकाम्या पोटी. मी पाणी दिलं. चूळ भरून ती म्हणाली, "काकी, त्या दिवशी एक कॅमेरा चालू होता."

मला कळेना.

"साइटवाले पहिल्या पानावर मालकाचा छोटा व्हिडिओ मागतात. तुमी कोण, काय करता. तो घेत होते मी. बारका कॅमेरा, बाच्या हाराच्या फोटोमागे ठेवलेला. मी 'नमस्कार, मी कुणाली' म्हटलं नि शटर खाली आलं. त्यांनी सगळं फोडलं, पण बाच्या फोटोला हात नाय लावला."

पोलिसांनाही तो दिसला नव्हता. गाळा वर्षभर बंदच होता. दिवाळीनंतर तिनं पहिल्यांदा उघडला, फोटो पुसायला काढला, तेव्हा मागे सापडला.

"बघितलास?" मी विचारलं.

"शटरचा आवाज येतो तिथपर्यंत. पुढं नाय."

कॅमेऱ्यातलं कार्ड कोणी हिसकावलं, आपटलं तर गेलं, म्हणून तिनं त्यातला व्हिडिओ साइटवर ठेवायचं ठरवलं. जुनी साइट नको होती. अंगठ्यानं फोन चालवत ती कित्येक दिवस शोधत होती. पासवर्डवाल्या सगळ्या सोडल्या. शेवटी एक मिळाली. तिथे पासवर्डच नाही, ज्याचा फोन नंबर आपण आत घालू त्याच्याच फोनवर उघडतं, दुसऱ्याला दिसत नाही, उतरवून घेता येत नाही. त्यात सध्या एकच नंबर होता.

"तुमचा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला कशाला गो? सरळ वकिलाला दे. खून आहे त्याच्यात."

"देणारच आहे. पुढल्या तारखेच्या आधी देणार. मग परके लोक बघतील, थांबवून थांबवून बघतील. त्याच्या आधी आपलं एक माणूस बघू दे." ती चालायची थांबली. "मला मार आठवतो. मी सांगितलं का नाय सांगितलं, ते नाय आठवत. रोज रात्री मी तोंड उघडते नि आतून काय निघतं ते ऐकायला बघते. कायच नाय निघत."

"तू नाही सांगितलं, बाय."

"ते तुमाला काय ठाऊक? तुमी बघा, मग बोला."

समोर जत्रेचे पाळणे दिसत होते. नवसाचे बोकड घेऊन माणसं आम्हाला ओलांडून जात होती. एका बोकडाच्या कपाळाला हळद होती आणि तो दोरी ओढत मागे मागे सरत होता. ती त्याच्याकडे बघत बोलत राहिली.

"पूर्ण बघा, काकी. मधी बंद नका करू. तुमच्याच्यानं होईल, तुमी देवाचं करता. मी सांगितलं असंल तर तोंडावर सांगा. मी आत्याच्या पाड्यावर जाईन, तिच्या पायरीवर बसेन, ती मारील तेवढं खाईन." तिनं ओठ पुसले. "पण आयनं सांगितलं असंल... माझी मान तिच्या डोळ्यांसमोर पिरगाळली असंल नि तिनं सांगितलं असंल... मला तिच्या हातचं जेवायचंय, काकी. कोर्टात कळेल तवा कळेल, तोवर तरी."

मग तिनं तो न मिटणारा हात माझ्या हातावर ठेवला.

"तिनं सांगितलं असंल, तरी मीच सांगितलं असं मला सांगा."