दामूच्या लाडवांची पेटी

गोदीवर मी घसा फोडून सांगत होते की लाडवांची पेटी खाली चालली. पण एकाही माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आता वाडीत चार बाया जमल्या की दामूच्या विलायतेच्या प्रवासाचे किस्से मलाच सांगायला लावतात आणि पोट धरून हसतात. हसा. तेव्हा तुमच्यातल्या एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. असले किस्से घरात साचतात ते जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यासारखे. बोहारणीला द्यायचे म्हणून बांधून ठेवावे, आणि सोडावं तेव्हा आत एक जास्तच निघावं. मी मराठी चार इयत्ता शिकलेली बाई. शास्त्र मला येत नाही. पण पेटी वर गेली की खाली, हे बघायला शास्त्र लागत नाही.

आमचा थोरला दामू इथली डॉक्टरीची परीक्षा पास झाला आणि पुढची द्यायला विलायतेला निघाला. त्याच वर्षी माझ्या धाकटीचं, यमूचं, लग्न दादरच्या तात्यांच्या नातवाशी ठरलं होतं. नातवाचं नाव वासुदेव, हायस्कुलात शेवटच्या इयत्तेत. तात्या म्हणजे आमच्या ज्ञातीचे मुख्य पंच. समुद्र ओलांडणाऱ्याची बहीण घरात आणावी का, यावर महिनाभर खल करून त्यांनी एक अट घातली. मुलाने बोटीवर परक्याच्या हातचं खायचं नाही, आईने दिलेलंच खायचं. वेगळं काही कानावर आलं, तर माघातलं लग्न मोडलं. मोडलेल्या लग्नाच्या मुलीला पुढे कोण विचारतो ते मी सांगायला नको. तुम्हीही मुलींच्या आया आहात.

\*

पेटी भरायला मला आठ दिवस लागले. पंचवीस दिवसांची पंचवीस फडकी बांधली आणि प्रत्येकावर तिथी घातली. दशम्या, बेसनाचे लाडू, भाजणी, मेतकूट, चिवडा, लिंबाचं लोणचं. एकादशीच्या फडक्यात राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर. सगळं सोवळ्यात. आठ दिवस स्वयंपाकघराचा उंबरा मी कुणाला ओलांडू दिला नाही. ह्यांना जेवण दारातून सरकवत होते.

शेवटच्या दिवशी दामू दाराशी येऊन उभा राहिला. बेसनाचा वास सुटला होता. एक लाडू दे म्हणाला.

"हे बोटीवर खायचं," मी म्हटलं. "आत्ता उपाशी राहिलास तरी चालेल."

ते वाक्य पुढे तीन महिने मला टोचत होतं.

\*

पेट्या दोन होत्या. दोन्ही काळ्या, पत्र्याच्या, एकाच कारागिराने केलेल्या. एकीत दामूची पुस्तकं, दुसरीत खाणं. चुकू नये म्हणून खाण्याच्या पेटीच्या झाकणावर मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बोटीच्या कचेरीतून दोन तऱ्हेचे कागद मिळाले होते. एक लावला की पेटी उतारूच्या खोलीत जाते, दुसरा लावला की बोटीच्या पोटात. विलायत येईपर्यंत पोटातली पेटी कुणाला मिळत नाही. ते कागद चिकटवायला गोदीवर सगळेच लुडबुडत होते. ह्यांचे दोघे भाऊ होते, वाडीतले चौघे होते, वासुदेव होता. दामू वडीलधाऱ्यांच्या पाया पडत फिरत होता.

मी वर बघितलं तर यारीच्या, त्या ओझी उचलायच्या यंत्राच्या, दोराला लटकून माझं स्वस्तिक हवेत गरगरत होतं. मग यारी वळली आणि स्वस्तिक खाली, त्या काळ्या भोकात गेलं.

मी ओरडले. ती पेटी वर काढा, पोराचं खाणं आहे त्यात, म्हणून दोनदा सांगितलं. सगळ्या गोदीने माझ्याकडे वळून बघितलं आणि हे शरमेने लाल झाले.

"अगं, साहेबाची बोट आहे ती," म्हणाले. "तिथे चूक होत नसते."

\*

विश्वास ठेवला तो एकीनेच. आमच्या ज्ञातीला मासळी चालते; दारावर पापलेट, बोंबील घेऊन हौशी नावाची कोळीण यायची. नवरा, सासरा, दीर सगळे समुद्रावरचे. तिने पाटी उतरवली, मी सगळं सांगितलं, आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाय, आमचे होरीन जाली तलाला ऱ्हाते न् भाकर वर ऱ्हाते," ती म्हणाली. "त्या गोऱ्यांना येवरं पन कलत नाय?"

होडीतली भाकर वर हवी हे हिला कळलं, याने मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याशी घासाघीस न करता मासळी घेतली. मग मी शेजारणीला सांगितलं, विहिरीवर सांगितलं, देवळात सांगितलं. मला एकच हवं होतं, कुणीतरी म्हणावं की बाई, तू खरं बोलत होतीस. आठवडाभरात गिरगावात सगळ्यांना ठाऊक झालं आणि तिथून दादरला पोचायला ट्रामसुद्धा लागली नाही.

तात्यांचा निरोप आला. पेटी खाली गेल्याचं मुलाची आईच सांगते म्हणे, हे खरं का?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं खरं ठरलं तर यमूचं लग्न मोडणार होतं. आणि खरं ठरवायला मीच आठ दिवस गावभर हिंडले होते. ह्यांनी निरोप धाडला की बायकांना बोटीतलं काय कळतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वाक्यावर गप्प बसले.

\*

दिवाळीच्या तोंडावर एडनहून दामूचं पत्र आलं. मला वाचता यावं म्हणून तो बालबोध लिपीत लिहायचा, मोठ्या मोठ्या अक्षरात. चार दिवस बोट लागून आडवा होतो, आता बरा आहे, रोज तुझ्या हातचं खातो. पत्र नाचवतच हे माजघरात आले. दिरांनी मला ऐकू जाईल असं दोनदा मोठ्याने वाचलं. बघा, म्हणे खाली गेली!

मी ते तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, एकादशीला तुझे बेसनाचे लाडू खाल्ले.

 पेटी उघडली असती तर एकादशीच्या फडक्यात त्याला राजगिरा मिळाला असता. पोराला खोटंसुद्धा धड बोलता येईना. आणि हे पत्र तात्यांना दाखवायला न्यायचं होतं. उपासाला बेसन, हे तात्यांच्या नजरेतून सुटेल? वासुदेव पत्र न्यायला ओटीवर येऊन बसला होता. ह्यांनी ओटीवरून दोनदा हाक मारली.

पत्र दादरला गेलं. तिसऱ्या ओळीवर समईचं तेल सांडलेलं होतं. कसं सांडलं ते यमूने बघितलं, पण ती माझीच मुलगी.

\*

पुढच्या पत्रात मडमेची हकीगत होती. दामू रोज सकाळी डेकवर एका कोपऱ्यात संध्येला बसायचा. पूर्व गाठावी तर बोट वळायची, की हा पळी-पंचपात्र उचलून दुसऱ्या कोपऱ्यात. एकदा प्राणायामाला नाक दाबून, डोळे मिटून बसला असताना एका म्हाताऱ्या मडमेने बघितलं. तिला वाटलं, पोराचा श्वास अडकला. ती किंचाळली, चाकर धावले, बोटीवरचा डॉक्टर आला. दामू मंत्र मोडायला तयार नाही म्हणून तोंड उघडेना, आणि तोंड उघडेना म्हणून डॉक्टर जास्तच घाबरला. दोघांनी धरून चमचाभर काहीतरी घशात ओतलं.

दामूने लिहिलं होतं, औषध दिलं, छाती गरम झाली.

दीर हसले. हे हसले. मी विचारलं, छाती गरम करणारं साहेबाचं औषध कुठलं असतं?  ते पत्र दादरला न्यायचं राहून गेलं.

\*

ह्यांचा माझ्यावर विश्वास बसला तो पोर्ट सैदच्या पत्राने.

तिथे बोट कोळसा भरायला थांबते. दामू किनाऱ्यावर उतरला, तांदूळ घेतले, एक पितळी पातेलं घेतलं, तीन दगड मांडले आणि भाताला आधण ठेवलं. भोवती तिथली माणसं गोळा झाली. डॉक्टर व्हायला निघालेला माणूस धोतर खोचून फुंकर घालतोय, धुराने डोळे चोळतोय. भात अर्धाकच्चा असताना बोटीची शिटी झाली. याने पेटलेलं विझवलं नाही, पातेलं पंच्यात गुंडाळलं आणि पळत सुटला. होडीवाला निघालेला, याने पातेल्यासकट उडी मारली. बोटीवर चढेपर्यंत कोळशाची धूळ झाकणातून आत गेली होती. तरी त्याने तो खाल्ला. लिहिलं होतं, भात काळा होता आणि दाताखाली करकरत होता, पण आई, माझ्या हातचा होता.

ह्यांनी पत्र खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पेटी जवळ असती तर पोराने रस्त्यावर भात का शिजवला असता?" मला विचारतात.

 माझं बोलणं दीड महिन्यापूर्वीच गोदीवर बोलून झालं होतं. त्या दिवशी हे अर्धं जेवून उठले. मी बसलेच नाही.

\*

मार्गशीर्षात लंडनचं पत्र आलं. ते मी आणि यमूने, दोघींनीच वाचलं. पेटी तिथे पोचल्यावर हातात आली. लाडवांना पांढरी दाढी फुटली होती आणि लोणचं बरणी फोडून तिथींवर सांडलं होतं. खोलीत गेली होती ती हाडांची पुस्तकं. आई, तुला दुखवायचं नव्हतं म्हणून खोटं लिहिलं. भात एकदाच झाला. बाकी दिवस मी बोटीवरचा पाव खाल्ला, दूध प्यालो, उकडलेले बटाटे खाल्ले. तो उलटा कागद कुणी लावला तेही त्याने लिहिलं होतं, कारण लावणाऱ्याने शिडीपाशी आपण होऊन त्याला सांगितलं होतं. तोवर पेटी खाली गेली होती. नाव कुणाला सांगू नकोस, अशी शपथ घातली होती.

यमूने नाव वाचलं आणि पत्र माझ्या कमरेला खोचलं. 

पौषात त्याच बोटीने गेलेल्या कुणाचं तरी पत्र मुंबईत आलं, की दामोदर साहेबांच्या टेबलावर बसून पाव खातो. दुसऱ्याच दिवशी पंच आमच्या ओटीवर. तात्या लोडाला टेकून मध्ये, चौघे बाजूला, आणि तात्यांना गाडीने घेऊन आलेला वासुदेव मागे भिंतीशी. मी माजघराच्या दाराआड. यमू चुलीपुढे बसून होती आणि चूल पेटलेली नव्हती.

तात्यांनी ह्यांना विचारलं, मुलाने पाव खाल्ला की नाही. हे अंगावरच्या पंच्याच्या दशा मोजत बसले. खोटं बोलवेना, खरं बोलवेना.

"खाल्ला," मी दाराआडून म्हटलं.

 मग सगळे एकदम बोलायला लागले. एकजण उठून पागोटं शोधू लागला. आतून यमूचा हुंदका आला, एकच.

"तात्या," मी म्हटलं, "मी अडाणी. शास्त्र तुम्ही सांगा. भरलं ताट पुढे असून परक्याचं खाल्लं तर पाप, हे मला कळतं. ताटच कुणी नेऊन ठेवलं, आणि चहूकडे खारं पाणी, तर पाप कुणाचं?"

तात्या कडक होते, पण शास्त्राशी खोटेपणा करणारे नव्हते. त्यांनी आधी तपकीर ओढली.

"तो आपद्धर्म," म्हणाले. "प्राण राखायला खाल्लं त्याला दोष नाही. दोष ताट नेणाऱ्याचा. प्रायश्चित्त त्याने घ्यावं."

"तो कुणीही असला तरी?"

"कुणीही असला तरी. आणि ज्याने दोष केला नाही त्याच्या बहिणीचं लग्न का मोडावं?"

मी बाकीच्या पंचांनाही विचारलं. चौघांनी एकेक करून मान हलवली. पागोटंवाला परत बसला.

मग मी पत्रातलं सांगितलं. कागद लावणारा काही दुष्ट नव्हता. पेटी सोवळ्यातली आहे हे त्याला ठाऊक होतं. खोलीत नेली तर गोरे चाकर येता-जाता हात लावतील, बाटेल. बोटीच्या पोटात टाकली तर विलायतेपर्यंत तिला म्लेंच्छाचा स्पर्श व्हायचा नाही, असा त्याने पोक्त विचार केला.

तात्या हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं ते तेव्हाच. लोडावर हात मारून हसले, पंचही हसले.

"सोवळं कळलं आणि पोट कळलं नाही," म्हणाले. "असा शहाणा कुणाच्या घरात वाढला? नाव सांगा बाई, उद्याच त्याला पंचगव्य पाजतो."

भिंतीशी कुणीतरी पाणी प्यायला म्हणून उठलं होतं. यमूने मागून माझा पदर धरला. मी तो सोडवून घेतला, डोक्यावर नीट ओढला आणि पंचांसमोर ओटीवर येऊन उभी राहिले.

"वासुदेव."