जास्तवाले चाचा

इब्राहिम चाचांनी आयुष्यात एकही गाणं धड वाजवलं नाही.

त्यांना जाऊन चाळीस दिवस झाले, आज त्यांचा चाळिसावा. तरी मी हेच म्हणणार. तीस वर्षं ते आमच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे आणि त्यांच्यापायी लोकांची बोलणी मी खायचो.

नांदेडला आमचा लग्नाचा बँड, वडिलांनी काढलेला. चाचा तरुणपणी हैदराबादच्या एका हॉटेलात वाजवायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या वादकानं त्यांना जॅझ शिकवलं. पुढं हॉटेलातलं वाजवणं बंद झालं, चाचा गावी परत आले आणि आमच्या नशिबी पडले.

जॅझ म्हणजे नेमकं काय, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"गाणं घरून निघतंय बेटा. रस्त्यात चार ओळखीचे भेटतेत. बोलत बोलत जातंय. पण घरी वापस येतंय."

"अहो चाचा, तोवर वरात थांबती का?"

"थांबावं की. काय घाई हाय?"

अशा माणसाबरोबर धंदा करायचा!

वडिलांनी हौसेनं बँडच्या गाडीवर सगळ्यांची नावं लिहून घेतली. चाचांनी पेंटरला सांगितलं, माझ्या नावापुढं 'जॅझ' लिही.

पेंटरनं लिहिलं: इब्राहिम चाचा, सॅक्सोफोन, जास्त.

मी डोक्याला हात लावला. चाचा गाडीला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "बराबर लिहिलंय त्यानं. ऱ्हाऊ दे."

राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून बुकिंगचे फोन असे यायचे: "बँड पायजे हो. पण ते जास्तवाले नका आणू."

चाचांना येऊ नका म्हणून सांगून ठेवलं, तरी निघायच्या वेळी ते गाडीत आधीच बसलेले. पुढच्या सीटवर.

अर्धापूरला नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. घोडा सजलेला, सगळी भावकी नाचायला तयार. चाचांनी मुखडा वाजवला आणि गेले. कुठं गेले ते त्यांनाच माहीत. नाचणारे हात वर करून उभे, पाय कुठं टाकावा कुणाला कळेना.

नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर आला. "काय करून राहिले हो तुमचे मास्तर? आमची पोरं काय कवायतीला आलीत का इथं?"

लातूरला एका क्लासवाल्या सरांच्या मुलाचं लग्न होतं. सर रागावले नाहीत. शांतपणे जवळ येऊन म्हणाले, "हे सिलॅबसच्या बाहेरचं चाललंय."

चाचांना ते इतकं आवडलं की वर्षभर भेटेल त्याला सांगत फिरले. जसं काही सर्टिफिकेटच मिळालं.

मी चिडायचो. तोंडावर बोलायचो. पण खरं सांगतो, दुपारी बँडच्या खोलीत ते एकटे वाजवत बसले, की मी बुकिंगचा फोनसुद्धा उचलायचो नाही. दाराबाहेर उभा राहून ऐकायचो.

आणि रेकॉर्ड करावं म्हणून मोबाईल घेऊन आत गेलो की?

एकदम सरळ! मुखडा, अंतरा, मुखडा. शाळेच्या प्रार्थनेसारखं.

"चाचा, आता काहून सरळ वाजवून राहिले?"

"मोबाईलमधलं उद्या बाशी होतंय बेटा. लोकाला बाशी काहून वाढू?"

सांगा, या माणसाचं काय करायचं?

आज दुपारी फातेहा झाली, पाहुणे जेवून गेले. चाचींनी मला जवळ बोलावलं.

"बेटा, इनका बाजा है क्या तेरे फोन में?"

आहे की, भरपूर आहे. मी एक व्हिडिओ लावला. मग दुसरा. मग तिसरा. चाचींनी मान हलवली.

"ये नक्को. ये इनका नहीं है. वो जास्तवाला लगा."

तेच तर नव्हतं माझ्याकडे.

मग ताईचं लग्न आठवलं. ताईला फोन करून तिच्या पाठवणीचं शूटिंग मागवलं. त्या दिवशी चाचांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं, ताईकडे होतं. लहानपणी तिला कडेवर घेऊन फिरले होते ते.

व्हिडिओत ताई सासरच्या, चाकूरच्या गाडीत बसतेय. चाचा पाठवणीचं गाणं वाजवतायत. गाडी हलते आणि चाचा गाणं तिथंच सोडून सॅक्सोफोन घेऊन तिच्या मागं निघतात. असं वाजवतात की आजही माझ्या अंगावर काटा आला.

अकरा सेकंद.

मग माझा आवाज: "चाचा, सरळ वाजवा! आज तरी सरळ वाजवा!"

आणि चाचांनी सरळ वाजवलं. तीस वर्षांत माझं एकदा ऐकलं, ते नेमकं त्या दिवशी.

मी फोन बंद करायला लागलो. चाचींनी हात धरला. "फिरसे लगा."

लावलं.

"फिरसे."

आठ वेळा ऐकलं त्यांनी. आठही वेळा मी ओरडलो.

शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "कित्ता चिल्लाता रे तू."

गाडीला पुढच्या महिन्यात नवा रंग देतोय. पेंटरला सांगितलंय, 'जास्त'ला ब्रश लावायचा नाही.

चाचा, चुकलं माझं.

खुदा हाफिज.