पहारा उठवायचा राहिला

बंगळुरूहून शिकून डहाणूला परतले, तेव्हा वाटलं होतं, आपण गावाला तंत्रज्ञान शिकवणार. सापडलं ते दोन खुर्च्यांचं ऑफिस, उधवा गावचा जिग्नेश आणि त्याने लिहिलेलं एक वेब ॲप. पाड्यांवरच्या आरोग्यताई त्यात मुलांची वजनं भरतात. वीसेक मुलं झाली की त्यांच्या हातातला टॅब अडकायचा. ॲपला पैसे देणाऱ्या संस्थेने बजावलं होतं, "महिनाभर पाहू. नाहीतर ॲप बंद, वह्या सुरू." म्हणजे आमचं ऑफिसही बंद! त्या महिन्यात इतके किस्से साठले की आता मीच अडकेन, म्हणून सांगून टाकते.

*

दोष पहिल्याच दिवशी सापडला. मुलाचं कार्ड उघडलं की त्यावरचा फोटो कधी दाखवायचा, यावर लक्ष ठेवायला ब्राउझरमध्ये एक ऑब्झर्व्हर बसतो. पहारेकरीच म्हणा. कार्ड मिटलं की त्यालाही उठवायचं असतं. जिग्नेशने एकालाही उठवलं नव्हतं; ते साठत गेले की टॅब अडकायचा.

"का रे?"

"मॅडम, काम तर करतात ना बिचारे!"

*

मी फळ्यावर आकृत्या काढून दोन तास बोलले. स्वच्छ कोड म्हणजे पाड्यावरच्या जुन्या टॅबशी बांधिलकी, वगैरे.

जिग्नेशला इतकं पटलं, की त्याने प्रत्येक ऑब्झर्व्हर बसवल्याच्या पुढच्याच ओळीत उठवला. एकाही मुलाचा फोटो दिसेना.

"बघा मॅडम, एकही शिल्लक नाही!"

*

शेवटी हायवेवरचा अच्छाडचा नाका कामी आला. जिग्नेशच्या घरी छपराचे पत्रे यायचे होते. "ट्रक दिसला की फोन कर," म्हणून त्याने काकाला नाक्यावरच्या ढाब्यावर बसवलं. ट्रक सकाळीच दुसऱ्या रस्त्याने आला. दुपारपर्यंत पत्र्यांचा कुठलाही ट्रक दिसला की काकाचा फोन!

नवव्या फोनला जिग्नेश ओरडला, "मॅडम, कळलं!" आणि संध्याकाळपर्यंत बसून सगळा कोड दुरुस्त केला.

काकाला मात्र तेव्हाही कोणी उठवलं नाही.

*

दुरुस्तीनंतर कैनाड गावच्या आरोग्यताई, सुनीताताई, संस्थेला रोज कळवायच्या, "छान चालतंय." महिना संपता संपता आम्ही मिरवायलाच कैनाडला गेलो. दहा मुलं झाली आणि ताईंनी टॅब बंद करून पुन्हा चालू केला.

"हे काय, ताई?"

"अडकतो ना. आधी विसावर अडकायचा, तुम्ही दुरुस्त केल्यापासून दहावर."

"मग छान चालतंय, असं का सांगत होतात?"

"एवढी लांब जाऊन शिकून आलीस, बाय. तुझं ऑफिस बंद पडलं असतं ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संस्थेला फोन लावला. "टॅब अडकतो. चूक आमची आहे. ताईंना वही द्या."