काका जिने चढायचा

वाईट बातमी द्यायची असली की आमचा काका आधी दोनदा खाकरतो. ख्हं, ख्हं. मग “म्हणजे कसं आहे...” आणि मग सरळ घाव. मांजर मेलं तेव्हाही हेच.

तेवीस वर्षांचा असताना तो देशाकडून फुटबॉल खेळायचा, डाव्या बाजूचा बचावपटू. मोठ्या स्पर्धेसाठी निवडलेल्यांची यादी शिबिराच्या जेवणघराच्या भिंतीवर लागली. काकाचं बोट तळापर्यंत गेलं, परत वर आलं. नाव मागच्या बाजूला असेल म्हणून त्याने कागद उचलून पाहिला. मागे कोरंच होतं. पाठीमागून कुणीतरी फिसकन हसलं.

पुढे गुडघा गेला. वीस वर्षं लहान क्लबांची पोरं घडवून काका राष्ट्रीय संघाचा कोच झाला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, “भिंतीवर यादी लागणार नाही.” ज्याला वगळलं त्याच्या खोलीत तो स्वतः जायचा. शिबिराची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही.

“अहो, फोन करा ना!” काकू करवादायची. “बोटं तरी धड आहेत तुमची!”

“फोन ठेवून देता येतो गं. मला तिथे बसायचं असतं.”

एकदा पाळी आली ‘भिंती’ची. म्हणजे गोलकीपरची. क्लबातला काकाचा पहिला चेला, आता संघाचा कप्तान, वय छत्तीस.

“सर, तीन मजले चढलात म्हणजे गप्पा मारायला नाही आलात.”

ख्हं, ख्हं. “म्हणजे कसं आहे...”

“मी आहे की नाही?”

“नाहीस.”

हातमोजा काकाच्या कानाजवळून गेला. “चालते व्हा!”

काका कॉटवर बसूनच राहिला. तासभर. त्यानंतर दोन वर्षं ‘भिंती’ने काकाला ओळख दाखवली नाही.

मग संघ ओळीने चार सामने हरला. काकाला ठेवायचं की काढायचं, यावर संघटनेची बैठक बसली. निर्णय सहाच्या बातम्यांत कळेल, असं एका पत्रकाराने परस्पर सांगितलं. संघटनेकडून कुणाचाच फोन नाही. काका टीव्हीसमोर ताठ बसला होता. काकूने रिमोट पदराखाली दडवला होता.

पावणेसहाला बेल वाजली. दारात ‘भिंत’. खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून आता तो संघटनेच्या बैठकांना बसायचा. पोट सुटलेलं, आमचे चार मजले धावत चढल्याने चेहरा लालबुंद. न विचारता आत आला, काकाशेजारी बसला, गुडघ्यांवर हात ठेवले.

ख्हं, ख्हं.

काकूने तोंडाला पदर लावला.

“म्हणजे कसं आहे, सर...”

“कळलं रे,” काका म्हणाला. “दम घे आधी.”

सहा वाजले, सात वाजले. टीव्ही कुणी लावला नाही. ‘भिंत’ही हलला नाही.

संघटनेचं पत्र तीन दिवसांनी आलं. दोन ओळींचं. काकाने वाचलं, आणि कागद उलटून मागेही पाहिलं.