पाय धराले लावणारी सिस्टर

समता कॉलोनीच्या दवाखान्यातली सिस्टर कधी हसत नाही, काही विचारलं का नुसतं 'हव, हव' करते. माह्या पोट्टीले सिकलसेल आहे, रक्ताचा आजार, कधीबी हातपाय ठणकतात, दर महिन्याले सुई लागते, अन् ही बाई मलेच तिचे पाय दाबून धराले लावते.

"दीदी, तुम्हीच धरा ना, मले लय भेव वाटते, हात कापून राहिले माहे."

"कापू दे. घरी दुखलं तर मी येऊ काय? माय आहे ना तू? दूर उभं राहून हिम्मत येत नाही. धर!"

सुई निघाली का तीच पोट्टीले कडेवर घेते, बिस्कुट देते, खिडकीतून गाड्या दाखवते.

आता माहे हात कापत नाही. पण पोट्टी तिच्या कडेवर चूप राहते, अन् मी घ्याले हात पुढं केले का किंचाळते.